'ऑट' : धन, ऋण आणि कर्तव्य

'अमुक करावयास पाहिजे' हा भाव सांगण्यासाठी इंग्रजीत 'ऑट' हे क्रियापद नित्य योजतात. नीतिशास्त्रातील कितीतरी वाद ह्या एका शब्दाभोवती फिरतात; परंतु त्याचे कूळ शोधू गेल्यास आम्ही सावकाराच्या खतावणीपाशी येऊन पोहोचतो. 'ओ', म्हणजे देणे लागणे, ह्या क्रियापदाचे ते जुने भूतकाळी रूप होय. 'ओ'चाही मूळ अर्थ निराळाच होता. प्राचीन इंग्रजीतील 'आगन' म्हणजे जवळ असणे, स्वामी असणे. संस्कृतातील 'ईश्' धातू त्याचाच दूरचा आप्त. १६२३ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातही 'ओ' स्वामित्वाच्या अर्थाने आलेला आढळतो. 'देण्यासाठी जवळ असणे' अशा प्रयोगांतून स्वामित्वाचे ऋण झाले आणि ऋणाचे कर्तव्य.

आमच्या मराठीतही 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला जावे लागते' ही दोन्ही वाक्ये एकाच 'लागणे'वर उभी आहेत. जर्मन भाषेतील 'शुल्ड' म्हणजे ऋण आणि अपराधही. अपराधाची जाणीव धनको-ऋणकोंच्या संबंधातून उपजली, असे नीत्शेने १८८७ मध्ये ह्याच शब्दाच्या आधारे प्रतिपादिले. तैत्तिरीय संहितेने तर ब्राह्मण ऋषी, देव व पितर ह्यांची तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे सांगितले आहे.

मग कर्तव्य म्हणजे केवळ ऋणफेड काय? तसे मानल्यास ऋण फिटताच मनुष्य मोकळा झाला. आणि ज्याच्याकडून काही घेतले नाही, त्याचे आपण काहीच लागत नाही. परंतु पुरात वाहत चाललेल्या अनोळखी मुलास पोहणाऱ्याने काढावे की नाही, हे कोणी खतावणी पाहून ठरवीत नाही. उलट, 'आईबापांचे सारे फेडले' असे म्हणणारा मुलगा आम्हां सर्वांस खटकतो.

व्युत्पत्ती म्हणजे प्रमाण नव्हे, हे आम्ही जाणतो. शब्दाच्या जन्मावरून नीतीचा निर्णय होत नाही. तथापि ह्या शब्दाच्या सर्वांत जुन्या अर्थात एक मोलाची सूचना आहे. त्या पोहणाऱ्यावर मुलाचे ऋण नसते. त्याच्या बाहूंत बळ असते, आणि तेच त्याला बांधते. म्हणून आपण काय घेतले, ह्याबरोबर आपल्याजवळ काय आहे, हेही स्वतःस विचारावे. पहिल्या प्रश्नाचा हिशेब कधीतरी मिटेल. दुसऱ्याचा मात्र, जवळ विद्या, अन्न अथवा सवड उरली आहे तोवर, मिटावयाचा नाही.