नुसते बसायला जागा

वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बी.डी.डी. चाळी शंभर वर्षांपूर्वी बांधल्या, तेव्हा एका बिऱ्हाडाच्या वाट्याला 160 चौरस फुटांची खोली आली. संडास मजल्यावर सामाईक. त्या खोलीत आधी एक कुटुंब राहिले, मग थोरल्याचे लग्न झाले, मग गावाहून नोकरी शोधायला पुतण्या आला. खोलीत जे मावेना ते बाहेर गेले. पुरुष खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये झोपू लागले, बायकांचे बोलणे नळावर होऊ लागले आणि परीक्षा जवळ आली की मुले वह्या घेऊन रस्त्याच्या दिव्याखाली बसू लागली. वरळीतल्या अशाच एका रस्त्याला लोक अजूनही अभ्यास गल्ली म्हणतात.

मुंबईच्या बागांविषयी लिहायचे तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. झाडे, फुले, फुलपाखरे, शुद्ध हवा हे सगळे खरे आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण या शहरात माणूस बागेत जातो त्याचे पहिले कारण घर लहान आहे हे असते. नवे लग्न झालेल्या जोडप्याला चार वाक्ये एकमेकांशी बोलायची असतात. सासऱ्याला सुनेच्या कामाच्या वेळी घरातून दूर व्हायचे असते, कारण तो खाटेवर बसला की तिला केर काढता येत नाही. दोन घरची धुणीभांडी आटोपून तिसऱ्या घरी जाण्याआधी बाईला पाठ टेकायची असते. नोकरी गेलेली घरी अजून सांगितली नाही अशा माणसाला संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत कुठेतरी बसायचे असते. यांतल्या कोणालाही बागेत काही करायचे नाही. त्यांना नुसते बसायचे आहे. मुंबईत बाग ही घराची राहून गेलेली खोली आहे, आणि त्या खोलीचे दार कोणाला उघडते, कधी उघडते, यावरून त्या बागेची किंमत ठरवली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

या मोजमापाने पहिली बाग पाहू ती राणीची. भायखळ्याची राणीची बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक तिला प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखतात, पण मुळात ती वनस्पती उद्यान आहे. त्याआधी कृषी-बागायत संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याला आली. इथे तीन हजारांवर झाडे आहेत. जाड बुंध्याची गोरखचिंच आहे, खोडालाच फुले धरणारा कैलासपती आहे, आणि उर्वशी आहे. लांब देठांवर लोंबणारी तिची लालसर फुले पाहायला झाडांचे वेडे लोक मुद्दाम येतात. परदेशी धर्तीचे प्राणिसंग्रहालय करण्याची योजना आली तेव्हा या झाडांसाठी मुंबईतल्या काही बायकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला. कागद गोळा केले, झाडांच्या याद्या केल्या, अधिकाऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचे ऋण या शहराने पुरेसे मान्य केलेले नाही.

गिरणगावाला लागून असलेली ही बाग. रविवारी लालबाग-परळमधली कुटुंबे डबे बांधून यायची. गावाहून पाहुणा आला की त्याला समुद्र दाखवायचा आणि राणीची बाग दाखवायची, हा मुंबईकर मराठी माणसाचा रिवाजच होता. 2016 साली पेंग्विन आले. 2017 मध्ये मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले, आईवडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला शंभर. वर्षातून एकदा सहलीला येणाऱ्याला शंभर रुपये जड नाहीत, आणि पेंग्विनना गारवा लागतो, त्याला पैसा लागतो, हे मला समजते. पण तिकिटाचा हिशोब सहलीला येणाऱ्याचा झाला. शेजारच्या गल्लीतून दुपारी तासभर सावलीला येऊन बसणारा माणूस त्या हिशोबात नाही. पाच रुपयांत तो येऊ शकत होता, रोज पन्नास देऊन येऊ शकत नाही. प्राणी पाहण्याचे तिकीट वेगळे ठेवून झाडांखाली बसणे फुकट, निदान पूर्वीच्या दरात, करता आले असते. अजूनही करता येईल.

दुसरे उदाहरण आनंदाचे आहे. 1896 च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट वस्त्यांची भीषण स्थिती उघडी पाडली आणि 1898 मध्ये सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. हवा खेळली पाहिजे ही त्यामागची कल्पना होती. दादर-माटुंग्याची आखणी त्यातून झाली, मंचेरजी जोशी यांच्या ध्यासातून पारशी कॉलनी उभी राहिली आणि पाच उद्याने आली. शिवाजी पार्क 1925 मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याचे मूळ नाव माहीम पार्क. अवंतिकाबाई गोखले यांनी महापालिकेत आग्रह धरला आणि 1927 मध्ये शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले. क्रिकेट, दसरा मेळावा, 6 डिसेंबर हे सगळे सर्वांना ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते कट्ट्याबद्दल. मैदानाभोवती किलोमीटरभराहून लांब असा तो बुटका कट्टा. त्याला फाटक नाही, तिकीट नाही, पहारेकऱ्याची शिट्टी नाही. त्यावर निवृत्त मास्तर बसतो, कॉलेजातली पोरे बसतात, रात्रपाळीला निघालेली नर्स दहा मिनिटे टेकते. कोणी कोणाला तू इथे का बसलास असे विचारत नाही. मुंबईत सार्वजनिक पैशातून जे काही बांधले गेले त्यात या कट्ट्याइतक्या उपयोगी वस्तू फार थोड्या आहेत.

आता मधल्या काळात काय झाले ते पाहा. 1990 मध्ये वांद्र्याला समुद्राकाठी जॉगर्स पार्क झाले. टाकाऊ जागेचे सोने केले गेले, आणि फिरणाऱ्यांसाठी बाग ही कल्पना तिथून शहरभर गेली. आरोग्यासाठी चालणे उत्तमच. पण पुढे प्रत्येक बागेची रचना चालणाऱ्याभोवती होऊ लागली. कडेने चालायची वाट, तिच्यावर पेव्हर ब्लॉक, एका कोपऱ्यात लोखंडी व्यायामाची साधने, मध्ये कुंपण घातलेली हिरवळ आणि तिच्यावर ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी. बाके कमी झाली. जी उरली त्यांच्या मधोमध हात टेकायच्या दांड्या आल्या, म्हणजे कोणी आडवे होऊ नये. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत ज्याला बूट घालून यायची सवड आहे, त्याची ही बाग. अनेक ठिकाणी दुपारी काही तास फाटकाला कुलूप.

हे कुलूप मला सर्वांत जास्त खुपते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी एक वाजता या शहरात सावलीची गरज कोणाला असते? घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराला असते. त्याची दुचाकी रस्त्यावर तापत असते. रस्ता खणणाऱ्या मजुराला असते. शाळा सुटलेल्या मुलाला घेऊन चालत निघालेल्या आईला असते. बारा तास उभा असलेल्या सुरक्षारक्षकाला जेवणाच्या सुट्टीत असते. नेमक्या त्याच वेळी शहरातली सर्वांत गार जमीन बंद ठेवली जाते. कारण असे देतात की माळ्यांना काम करायचे असते, आणि दुपारी बागेत ‘नको ते लोक’ येतात. पाणी पहाटे घालता येते. आणि नको ते लोक म्हणजे कोण, हे एकदा त्यांच्याकडे पाहून ठरवावे. फोर्टात हॉर्निमन सर्कलच्या बागेत दुपारच्या सुट्टीत जा. डबा खाऊन झाडाखाली डोळे मिटलेले कारकून, शिपाई, कुरियरवाले दिसतील. त्यांनी कधी कोणाचे काही बिघडवले नाही. याच परिसरात टाऊन हॉलसमोर वडाखाली 1850 च्या दशकात दलाल जमायचे आणि त्या जमण्यातून मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला. झाडाखाली जमलेल्या माणसांचे या शहरावर एवढे उपकार आहेत.

बायकांचे बसणे हा याहून अवघड विषय. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक 2011 मध्ये आले. मुंबईतल्या बाईला सार्वजनिक जागी असण्यासाठी सतत काही ना काही काम दाखवावे लागते, हा त्यातला मुख्य मुद्दा. हातात भाजीची पिशवी असावी, सोबत मूल असावे, कानाला फोन असावा. बागेत हे स्पष्ट दिसते. एकटा पुरुष बाकावर तासभर बसला तर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. एकटी बाई बसली की पाच मिनिटांत ती कोणाची तरी वाट पाहते आहे असे गृहीत धरले जाते. म्हणून ती चालत राहते. तिला बसता यावे यासाठी फार काही लागत नाही: स्वच्छ संडास, संध्याकाळी पुरेसा उजेड, बाहेरून आतले दिसेल असे कुंपण आणि बागेत इतरही बायका. यातले शेवटचे आधीच्या तिन्हींमुळे येते. आणि तरुण जोडप्यांना शिट्ट्या वाजवून उठवणे थांबले पाहिजे. ज्यांच्या घरात दोघांना एक कोपरा मिळत नाही त्यांना बागेतूनही हुसकले तर त्यांनी जायचे कुठे, याचे उत्तर शिट्टी वाजवणाऱ्यांनी द्यावे.

जागा किती आहे, तेही सांगायला हवे. नगररचनेच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत (2014) माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबईत ती माणशी जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर भरते, म्हणजे एका माणसाला कसेबसे आडवे होता येईल एवढीच. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे, हे उत्तर अनेकदा दिले जाते. ते जंगल आहे, बिबट्याचे घर आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे. डोंगरीतल्या आजीला त्याचा उपयोग नाही. बाग चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर म्हाताऱ्या माणसाच्या आणि लहान मुलाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच.

म्हणूनच महालक्ष्मीच्या रेसकोर्सबद्दल माझ्या मनात आनंद आणि काळजी दोन्ही आहे. 2024 मध्ये त्या 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा निर्णय झाला. किनारी रस्त्यालगतची मोकळी जमीन त्याला जोडून सुमारे 300 एकरांचे उद्यान करण्याची कल्पना आहे. झाले तर चांगलेच. पण गोवंडी-मानखुर्दकडे पाहा. देवनारची कचराभूमी 1927 पासून तिथल्या लोकांच्या उशाला आहे आणि पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. महालक्ष्मीला एक एकर वाढवण्याआधी गोवंडीला एक गुंठा मिळाला पाहिजे, असे मी म्हणेन. आणि जागा नाही ही सबब मला पटत नाही. धारावीसमोर मिठीच्या काठी जिथे 1977 पर्यंत शहराचा कचरा पडत होता, त्याच 37 एकरांवर माती टाकून, रोपे लावून माहीमचे निसर्ग उद्यान उभे केले गेले आणि 1994 मध्ये ते लोकांना खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर आज दाट झाडी आहे.

नव्या बागा कागदावर आहेत. मुंबईचा विकास आराखडा 2034 हा 2018 मध्ये लागू झाला आणि त्यात उद्याने व मैदानांसाठी कितीतरी भूखंड राखीव दाखवले आहेत. मात्र 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत महापालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. ज्या राखीव भूखंडांवर झोपड्या आहेत तिथे पुनर्वसनाच्या इमारती बांधून 35 टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम आहे. उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये तो ग्राह्य धरला. झोपडीतल्या माणसाला घर मिळालेच पाहिजे. पण ते 35 टक्के खरोखर मोकळे राहतात का, की तिथे वाहने लागतात आणि फाटकावर ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटी येते, हे पाहण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे. घर आणि बाग यांना एकमेकांसमोर उभे करणे मला अन्यायाचे वाटते. लहान घरात राहणाऱ्यालाच बाग जास्त लागते.

तेव्हा मुंबईत राहणाऱ्या वाचकाला एक विनंती. विकास आराखड्याचे नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आपल्या विभागाचा नकाशा उघडा, त्यातले हिरवे भूखंड शोधा आणि एका रविवारी प्रत्यक्ष जाऊन तिथे काय आहे ते बघा. जिथे बागेऐवजी दुसरेच काही दिसेल, त्या भूखंडाचा क्रमांक टिपून घ्या आणि विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.