वाटीतले दूध



यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४९व्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रेमाची तुलना तान्हुल्याला अंगावर पाजणाऱ्या आईशी करतो. मात्र ज्या मातेचे बाळ अंगावर पिऊच शकत नाही, तिने हे वचन कसे ऐकावे?

टाळू दुभंगलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बहुतेक बाळांना चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही. अशा बाळांच्या माता हाताने किंवा पंपाने दूध काढतात. सुरुवातीला दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, रात्रीही उठून. जितके दूध काढावे तितके नवे तयार होते. खेपा चुकल्या की ते आटू लागते. मग वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा नळीने ते बाळाच्या पोटात जाते. त्यानंतर भांडी उकळायची आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. काही माता हे महिनोन्‌महिने करतात.

हे कष्ट कुणाला दिसत नाहीत. "अंगावर का पाजत नाहीस?" हा प्रश्न मात्र भेटायला आलेला प्रत्येक जण विचारतो.

प्रभू येशू पवित्र मिस्साबलिदानात स्वतःचे शरीर आपल्याला अन्न म्हणून देतो. ही माताही आपल्या देहातून बाळाला अन्न देते. ते वाटीतून दिले म्हणून तिचे दान उणे ठरत नाही. आणि दूध आटून तिला थांबावे लागले, तरी तिचे आईपण आटत नाही. यशयाच्या त्याच वचनात परमेश्वर पुढे सांगतो, की आईच्या आठवणीलाही मर्यादा असेल, त्याच्या आठवणीला नाही. थकलेल्या मातेने या वचनावर निश्चिंत डोके टेकावे.

मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. एका मातेचे जास्तीचे दूध तिथे दुसरीच्या अशक्त बाळाला मिळते. दूध देणे आपल्या सर्वांच्या हाती नाही, पण हातभार लावणे आहे. आपल्या घरात किंवा शेजारी अशी माता असेल, तर तिला प्रश्न विचारण्याऐवजी गरम जेवण नेऊन देऊ या. पतीने भांडी उकळावीत, सासूबाईंनी बाळाला घेऊन सुनेला दोन तास झोपू द्यावे. ही सेवा प्रभूपर्यंत पोहोचते.

पवित्र मरियामाते, रात्री जागणाऱ्या या मातांसाठी विनंती कर. आमेन.