कच्चा लिंबू



खेळ सुरू होण्याआधी चकायचं असतं. तिघांनी हात एकत्र धरायचे, झोका द्यायचा आणि तळवा उताणा किंवा पालथा टाकायचा. ज्याचा हात बाकी दोघांपेक्षा वेगळा पडला, तो सुटला. असं सुटत सुटत शेवटी जो उरेल, त्याच्यावर राज्य. मुंबईच्या गिरणगावात, काळाचौकीच्या चाळींमध्ये, आमच्या आधीच्या मुलांनीही असंच चकलं आणि आमच्या नंतरच्या मुलांनीही. आणि सगळे चकून झाले, की हमखास वरच्या गॅलरीतून एखादी आई हाक मारायची, ‘अगं, धाकट्यालाही घे गं खेळायला!’ धाकटा चार-पाच वर्षांचा. त्याला ना पळता येतं ना लपता. ताई क्षणभर वैतागायची आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकायची, ‘हा कच्चा लिंबू हं!’ यावर कधी कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. एरवी प्रत्येक नियमावर तासभर भांडणारी मुलं हा नियम बिनतक्रार मान्य करायची.

कच्चा लिंबू खेळात असतो. तो सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो, लगोरीच्या ठिकऱ्या पायाने उडवून लावतो. पण तो आऊट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला वगळलेलं नसतं आणि त्याच्यावर भारही टाकलेला नसतो. हा नियम कुठल्या शिक्षकाने शिकवला नाही, की आईवडिलांनी घालून दिला नाही. मुलांच्या सगळ्या खेळांमध्ये मला हा नियम सर्वांत शहाणा वाटतो, आणि आज तुमच्याशी मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

हा नियम का लागला असेल, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे गिरणगावातली दहा-अकरा वर्षांची मुलगी येते. आई गिरणीत, खानावळीच्या चुलीपाशी किंवा पाण्याच्या रांगेत. धाकट्या भावंडाला सांभाळणं या मुलीकडे. तिला खेळायचं तर आहे, पण कडेवरचं मूल ठेवायचं कुठे? त्याला घेतल्याशिवाय तिला खेळता येत नाही आणि ती नसेल तर गडी कमी पडतो. कच्चा लिंबू हा नियम त्या धाकट्यासाठी आहे असं आपण समजतो. मला वाटतं, तो आधी त्या ताईसाठी होता. तिच्या गळ्यात पडलेली जबाबदारी मुलांनी मिळून वाटून घेतली आणि तिला खेळायला मोकळं केलं.

पण त्यातून आणखी एक गोष्ट साधली. वर्ष-दोन वर्षं कच्चा लिंबू म्हणून वावरलेलं मूल सगळं बघत असतं. लगोरी फोडल्यावर कुठल्या बाजूला पळायचं, डबा ऐसपैसमध्ये कुठला आडोसा चांगला, मूठ तोंडाशी नेऊन ‘टाईमप्लीज’ म्हटलं की पकडणाऱ्याला थांबावंच लागतं, रडीचा डाव कशाला म्हणतात. हे त्याला कुणी बसवून सांगत नाही. आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘तू आता मोठा झालास, तू पक्का.’ त्याच दिवशी त्याच्यावर राज्य येतं. ते रडवेलं होतं, पण राज्य सोडून घरी जात नाही, कारण आज ते खरोखर खेळात आलेलं असतं.

इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने मुलांच्या या जगाचा फार निष्ठेने अभ्यास केला. सुमारे 5000 शाळकरी मुलांकडून त्यांनी गाणी, शपथा, चिडवण्याच्या रीती, खेळाचे नियम गोळा केले आणि 1959 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. 1969 मध्ये रस्त्यावरच्या आणि मैदानावरच्या खेळांवर त्यांचं दुसरं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं, की हे सगळं मोठ्यांकडून मुलांकडे येतच नाही. मूल ते शिकतं आपल्याहून थोड्या मोठ्या मुलाकडून, आणि थोड्याच काळात आपल्याहून लहान मुलाला देऊन मोकळं होतं. तिथल्या मुलांकडेही ‘टाईमप्लीज’सारखे शब्द होते आणि प्रांताप्रांतात ते वेगळे होते. आपण आजोबांपासून नातवापर्यंत पन्नास वर्षं मोजतो. मुलांच्या जगात तेवढ्या काळात खेळ कितीतरी हातांतून गेलेला असतो. एवढ्या हातांतून जाऊनही तो टिकतो, हे मला आश्चर्याचं वाटतं.

आणि टिकतो म्हणजे किती टिकावा! विटीदांडूतली मोजणी आठवा. वकट, लेंड, मूंड, नाल... पुढचे शब्द गल्लीगणिक बदलतील, पण हे चार महाराष्ट्रभर ओळखीचे आहेत. तेलुगूमध्ये एक म्हणजे ओकटी, दोन रेंडू, तीन मूडू, चार नालुगू. मराठी मुलं आपल्या खेळात परक्या भाषेतले आकडे मोजत आली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. शाळेत ते शिकवले जात नव्हते, घरात कुणी बोलत नव्हतं. मोठ्या मुलाने विटी कोलताना म्हटलं, ते लहानाने उचललं. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबं याच गिरणगावात राहत होती. त्यांच्या मुलांना खेळात आपल्या घरातले आकडे ऐकू येत असतील, तेव्हा काय वाटलं असेल!

गिरणगावात हे खेळ इतके फुलले, त्याला घरांची तंगी कारण आहे. काळाचौकीपासून शिवडीच्या बीडीडी चाळी जवळ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात त्या बांधल्या, तेव्हा एका खोलीला जागा होती 160 चौरस फूट. आसपासच्या खाजगी चाळींतही याहून फार वेगळं नव्हतं. त्या खोलीत एक कुटुंब, शिवाय गावाहून आलेला एखादा काका, एखादा मामा. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी खोलीत रातपाळीहून आलेला कुणीतरी झोपलेला असायचा. ‘आवाज करू नका, बाहेर जा’ हे वाक्य ऐकत इथली मुलं वाढली. बाहेर म्हणजे गॅलरी, जिना, दोन चाळींमधली मोकळी जागा आणि गल्ली. घरात जागा नव्हती म्हणून मुलं एकत्र आली. चार वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची, कोकणातली आणि घाटावरची, सगळी एकाच पटांगणात. साताऱ्याहून आलेल्या मुलाचा नियम वेगळा, मालवणहून आलेल्याचा वेगळा. मग भांडण, मग तोड आणि तिसराच नियम. मे महिन्यात गावाला गेलेली मुलं जूनमध्ये खिशातून सागरगोटे घेऊन यायची. सागरगोटा ही कोकणच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या काटेरी झुडपाची बी, करड्या रंगाची, गुळगुळीत आणि टणक. मुली ते एका हाताने उडवून, खालचे उचलून, पडणारा झेलायच्या. हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. पीटर ब्रूगेल या चित्रकाराचं 1560 सालचं एक चित्र आहे. त्यात ऐंशीहून अधिक खेळ खेळणारी मुलं आहेत. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दोघीजणी असाच खेळ खेळताना दिसतात, फक्त त्यांच्या हातांत सागरगोट्यांऐवजी जनावरांच्या सांध्यांची हाडं आहेत.

डबा ऐसपैसबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एकाने डबा लांब फेकायचा. राज्य असलेल्याने तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. मग एकेकाला शोधून, नाव घेऊन डबा आपटायचा. नाव चुकलं, तर अंडं फुटलं आणि राज्य पुन्हा त्याच्यावर. म्हणून लपलेली मुलं एकमेकांचे शर्ट बदलायची. जिन्याच्या कठड्यामागून नुसती बाही दाखवायची आणि राज्य असलेल्या मुलाला बुचकळ्यात टाकायचं. शर्टावरून मित्र ओळखता येतो, इतकी ही मुलं एकमेकांना पाहत असायची. एकेकाकडे दोनच शर्ट असत हेही त्यामागे होतंच.

या खेळांमध्ये सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. दांडगट मुलगा राज्य चुकवायचा. ज्याचा चेंडू, त्याची मर्जी सांभाळावी लागायची. कुणाला घ्यायचं नाही हेही कधी कधी आधीच ठरलेलं असायचं, आणि ज्याला घेतलं नाही तो गॅलरीतून बघत राहायचा. पण रोज संध्याकाळी खेळायचं असेल, तर भांडण मिटवावं लागतं. पंच नाही, शिट्टी नाही, मोठं माणूस नाही. दुसरा गडी घरी निघून गेला तर खेळ बंद, ही एकच शिक्षा आणि ती सगळ्यांनाच. त्या धाकाने मुलं तडजोड शिकली. पुढे याच गल्ल्यांमधून गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते निघाले, युनियनचे कार्यकर्ते निघाले. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो लांबला तेव्हा अनेक घरांनी बायकामुलांना गावी धाडलं. ऐन भरातल्या खेळातून गडी कमी झाले ते तेव्हा, आणि त्यांतले बरेचजण परत आलेच नाहीत.

काही खेळांना मोठ्यांनी हात दिला आणि ते फार पुढे गेले, याचा मला अभिमान वाटतो. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळनाडूत सडुगुडू म्हणून खेळला जाणारा खेळ लिखित नियमांनी कबड्डी झाला. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिकं दाखवली. 1990 मध्ये तो आशियाई स्पर्धेत पदकांचा खेळ झाला. लालबाग-परळच्या मंडळांनी कबड्डीवर जीव लावला. इथल्या गल्लीत फक्कीच्या रेषा आखून दिव्यांच्या उजेडात झालेले सामने ज्यांनी पाहिले, ते तो कल्ला विसरणार नाहीत. खो-खोचा तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही जिंकला. बडोद्याहून मुजुमदार या संपादकांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला, त्यात आपले कितीतरी खेळ नीट नोंदलेले आहेत. हे सगळं मोलाचं आहे. मात्र कबड्डीत कच्चा लिंबू नसतो. स्पर्धेत तो असूच शकत नाही. तो फक्त गल्लीत असतो.

आज गल्लीत मुलं दिसत नाहीत, की लगेच मोबाईलचं नाव घेतलं जातं. मोबाईलचा दोष आहेच, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. आपण मुलांना वयाप्रमाणे वेगळं केलं, हे त्याआधी घडलं. शाळेत सहा वर्षांची मुलं सहा वर्षांच्यांबरोबर. क्लासमध्ये तेच. सुट्टीतल्या शिबिरात हल्ली लगोरी आणि विटीदांडू शिकवतात, ते चांगलंच आहे, पण तिथेही पाच ते आठची बॅच सकाळी आणि नऊ ते बाराची संध्याकाळी. लहान मुलाला मोठी मुलं खेळताना दिसतच नाहीत. त्याला शिकवायला प्रशिक्षक आहे, पण त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा असा कुणी नाही, की ज्याच्यासारखं आपल्याला व्हावंसं वाटेल. आणि त्या मोठ्यालाही कुणाला सांभाळून घ्यायची वेळ येत नाही.

काळाचौकीत आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. इथल्या अभ्युदयनगर वसाहतीच्या पुनर्विकासाची चर्चा घरोघरी आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांचं घर. ज्यांनी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून आयुष्य काढलं, त्यांना हे घर मिळालंच पाहिजे. चाळीचं कौतुक करत त्यांना तिथेच राहा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण नवे नकाशे मंजूर होतात, तेव्हा पार्किंगच्या जागा एकेक करून मोजल्या जातात. मुलांसाठी रबराच्या फरशा टाकून एक घसरगुंडी आणि दोन झोपाळे ठेवले, की काम झालं असं मानलं जातं. त्या घसरगुंडीवर तीन वर्षांचं मूल रमतं, दहा वर्षांचं तिकडे फिरकत नाही. म्हणजे तिथेही दोघांची गाठ पडत नाही.

तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर सर्वसाधारण सभेत हा विषय मांडाच. आणि मांडण्याआधी सोसायटीतल्या मुलांना एकत्र बोलावून विचारा. त्यांना महागडं काही लागत नाही. राज्य घेऊन आकडे म्हणायला एक भिंत लागते. लपायला चार आडोसे लागतात. सपाट पोडियमवर लपणार कुठे? गोट्यांची गल खणायला हातभर माती लागते. चेंडू लागला तरी फुटणार नाही अशी बाजू लागते. गच्चीवर किंवा आवारात संध्याकाळचे दोन तास ‘आवाज करू नका’ असं कुणी म्हणणार नाही, एवढी मोकळीक लागते. आणि तिथे कुठल्या वयाने यायचं याची पाटी लावू नका. तेवढं झालं, की कुणाला कच्चा लिंबू घ्यायचं आणि कुणाला पक्का करायचं, हे त्यांचं ती ठरवतील.