आपल्या घरासमोरची भिंत



जुन्या करारातील नहेम्याचा ग्रंथ आपल्या कानांवर फारसा पडत नाही. रविवारच्या मिस्सेत तो तीन वर्षांतून एकदाच, ‘क’ वर्षातील सामान्य काळाच्या तिसऱ्या रविवारी वाचला जातो. आणि तेव्हाही एज्रा शास्त्री लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवतो तेवढाच भाग. पडलेले यरुशलेम पुन्हा कसे उभे राहिले, ती त्याआधीची हकिगत ग्रंथातच राहून जाते. आज आपण ती उघडू या, कारण ओस पडलेल्या गावाचे काय करायचे हा प्रश्न केवळ त्या काळच्या यहुद्यांचा नाही.

इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. त्यानंतर सुमारे १४० वर्षांनी नहेम्या हा यहुदी गृहस्थ दूर शूशन येथे पारसाच्या राजाच्या पदरी होता. राजाच्या हाती द्राक्षारसाचा प्याला देण्याचे त्याचे काम. मानाची नोकरी होती, खाण्यापिण्याला तोटा नव्हता. एके दिवशी गावाकडून भाऊ हनानी आला आणि याने गावची खुशाली विचारली. तट कोसळलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत, मागे उरलेली माणसे हाल सोसत आहेत, हे ऐकले मात्र, नहेम्या खाली बसला आणि रडू लागला. परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

तो राजाची परवानगी काढून यरुशलेमला आला. पण आल्या आल्या त्याने सभा घेतली नाही, भाषण केले नाही. तीन दिवस गेल्यावर रात्री, कुणाला काही न सांगता, जनावरावर बसून तो पडक्या तटाभोवती फिरला. एके ठिकाणी दगडमातीचे ढीग इतके होते, की जनावराला पुढे जायला वाट मिळाली नाही. आधी पाहिले, मग तो बोलला.

तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी. खरे सांगायचे तर वाचताना आपण ती पाने पटकन उलटतो. पण थांबून पाहा, यादीत कोण कोण आहे! प्रमुख याजक आहे, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये तयार करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह कामाला लागला आहे. तकोवा गावच्या बड्या मंडळींनी मात्र मान वाकवली नाही, तेही नोंदवून ठेवले आहे. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला, तमक्याने आपल्या खोलीसमोरचा. अशा तऱ्हेने ५२ दिवसांत तट पुरा झाला.

काम ऐन भरात असताना मात्र एक आक्रोश उठला. पाचवा अध्याय त्याच्याविषयी आहे. गरीब यहुदी आणि त्यांच्या बायका रडत आल्या: धान्यासाठी शेते, मळे, घरे गहाण पडली, पोटच्या मुली दासी म्हणून द्याव्या लागल्या. आणि सावकार कोण? परके नव्हेत, आपलेच भाऊबंद! नहेम्या संतापला. त्याने मोठी सभा भरवली, सरदारांना सर्वांसमोर जाब विचारला, शेते व घरे परत करायला लावली आणि याजकांसमोर तशी शपथ घेववली. स्वतः बारा वर्षे अधिपती असूनही त्या पदाचा भत्ता घेतला नाही. शहराच्या उद्धाराची कथा आपण लिहिली असती तर कदाचित हा अध्याय गाळला असता. पवित्र शास्त्राने गाळलेला नाही.

हाच अध्याय मनात ठेवून आपल्या काळातील एका शहराकडे पाहू या. अमेरिकेतील डेट्रॉइट. हे शहर निवडण्याचे कारण असे, की त्याचे बोधवाक्य एका कॅथलिक धर्मगुरूंनी दिले आहे. ११ जून १८०५ रोजी, लाकडी घरांचे ते लहानसे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले, संत आन्नाचे चर्चही गेले. फ्रान्समधील राज्यक्रांतीत देश सोडून आलेले फादर गाब्रिएल रिशार तेव्हा तेथे होते. आजूबाजूच्या शेतांवरून अन्नधान्य आणवून त्यांनी लोकांना जगवले, आणि लॅटिनमध्ये जे लिहिले त्याचा अर्थ असा: आम्ही चांगल्या दिवसांची आशा धरतो, राखेतून हे पुन्हा उठेल. १८३२ मध्ये पटकीच्या साथीत रुग्णांची सेवा करताना फादर स्वतः वारले. त्यांचे शब्द आजही त्या शहराच्या मुद्रेवर आहेत.

पुढे तेथे मोटारींचे कारखाने आले आणि १९५० मध्ये लोकवस्ती जवळजवळ साडेअठरा लाख झाली. नंतर उतरण लागली. जुलै १९६७ च्या दंगलीने शहर पडले असे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. कारखाने आणि गोरी कुटुंबे त्याच्या कितीतरी आधीपासून उपनगरांकडे जाऊ लागली होती, आणि काळ्या लोकांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नव्हते. दंगलीत ४३ माणसे मेली. २०१० पर्यंत लोकवस्ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. आपली ख्रिस्तसभाही या काळात सगळीकडे टिकून राहिली नाही: १९८९ मध्ये तेथील सुमारे तीस चर्च बंद करण्यात आली. भाविक नाहीत, पैसा नाही, ही कारणे खरी होती. पण जे भाविक उरले होते, त्यांच्या दारालाही त्या दिवशी कुलूप लागले.

दंगलीनंतर सगळे बाहेर पडत असताना एक बाई मात्र आत आली. एलिनॉर जोसायटिस, पाच मुलांची आई. उपनगरातील घर सोडून १९६८ मध्ये ती कुटुंबासह डेट्रॉइटमध्ये राहायला आली. तिच्या आईने तर मुले तिच्याकडून काढून घेण्यासाठी वकील गाठला होता! फादर विल्यम कनिंगहॅम यांच्यासह तिने ‘फोकस होप’ ही संस्था उभी केली. गरोदर स्त्रिया, बालके व पुढे वृद्धांसाठी अन्न, आणि १९८१ पासून तरुणांना यंत्रकामाचे शिक्षण. नहेम्याच्या अकराव्या अध्यायात हेच आहे. तट झाला, पण आत माणसे थोडी. म्हणून चिठ्ठ्या टाकून दहातील एकाने शहरात राहावे असे ठरले. जे आपखुशीने राहायला तयार झाले, त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला.

जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर. शहराचे निम्म्याच्या जवळपास रस्त्यावरचे दिवे बंद होते. देणेकऱ्यांची नजर कलासंग्रहालयातील चित्रांवर होती. चित्रे वाचली, धर्मादाय संस्थांनी, राज्याने आणि देणगीदारांनी मोठा पैसा दिला. पण दुसरी बाजू ऐका. नगरपालिकेच्या सामान्य निवृत्त नोकरांनी मतदान करून आपले निवृत्तिवेतन साडेचार टक्क्यांनी कमी करून घेतले आणि महागाईनुसार मिळणारी वाढ सोडून दिली. झाडूवाले, कारकून, बसचालक. ज्यांनी आयुष्यभर शहर चालवले, त्यांनीच म्हातारपणी त्याच्यासाठी पदर मोकळा केला. आणि त्याच २०१४ साली बिल थकले म्हणून हजारो घरांचे पाणी तोडण्यात आले. जो पैसे भरूच शकत नाही त्याचे पाणी तोडणे म्हणजे मानवी हक्कांचा भंग, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना सांगावे लागले. पाचवा अध्याय पुन्हा वाचावा तो इथे!

आज ते शहर खरोखरच उठते आहे. २०१६ अखेर ६५ हजार नवे दिवे लागले. १९८८ पासून ओस पडलेले भव्य रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीने दुरुस्त केले आणि ते जून २०२४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९५७ नंतर प्रथमच लोकवस्ती किंचित वाढल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. आपण आनंद मानू या. तरीही तेथील दर तिघांमागे जवळजवळ एक जण गरिबीत आहे. दिवे लागले, पण पाणी कुणाच्या घरी आले आणि कुणाच्या नाही, हे नहेम्याने रात्री फिरून पाहिले असते.

आपल्या धर्मग्रामाचेही दिवस बदलत आहेत. रस्ते रुंद झाले, इमारती आल्या, वाडीतील जमिनीला कधी नव्हे ते मोल आले. बावखले बुजली. चर्चच्या सणाला गर्दी मावत नाही, परदेशातून मुले येतात, घरांना रंग लागतो. आणि सण झाला की त्यातील कित्येक घरांना पुन्हा कुलूप. काही घरांत मात्र एकच दिवा जळत असतो. आत एखादी आजी असते, जिचा मुलगा दूर आहे, किंवा भाड्याने आलेले एखादे कुटुंब, ज्याला आपल्या आळीत नावानेही कुणी ओळखत नाही. सणाच्या वर्गणीला आपण त्यांच्या दारी जातो. एरवी जातो का?

या आठवड्यात प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने एकच काम करावे. आपल्या आळीत फिरावे आणि जी माणसे एकटी राहतात, आजारी आहेत, कर्जात आहेत किंवा नव्याने राहायला आली आहेत, त्यांची नावे, ख्रिस्ती असोत वा नसोत, एका कागदावर लिहावीत. दर नावापुढे आपल्यापैकी कुणाचे घर सर्वांत जवळ आहे, तेही लिहावे. कागद पुढील रविवारी पहिल्या मिस्सेनंतर समूहप्रमुखांकडे द्यावा. तिसऱ्या अध्यायातील यादीपेक्षा ती लहान असली तरी चालेल.