सत्य वाक्य आणि व्याज

असत्याचा विचार करताना आपण सहसा वाक्यापासून सुरुवात करतो. वाक्य वस्तुस्थितीशी जुळले तर ते सत्य, न जुळले तर असत्य. आणि जो जुळणारी वाक्ये बोलतो तो प्रामाणिक, अशी एक सोपी मांडणी आपल्या मनात असते. तिचा पूर्वार्ध तर्काच्या दृष्टीने मान्य करता येईल. उत्तरार्ध मात्र नीतिविचारात टिकत नाही, हे द्रोणपर्वातील एका सुपरिचित प्रसंगाकडे नीट पाहिले की ध्यानात येते.

भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला होता. त्यामुळे ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे वाक्य खरे होते. भीमाच्या तोंडून ते ऐकून द्रोणाचार्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले. कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा खोटे बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने तेच वाक्य उच्चारले आणि हत्तीचा उल्लेख अस्फुट स्वरात केला. म्हणजे द्रोणाचार्यांची फसवणूक झाली ती केवळ वाक्याने नव्हे. तेच वाक्य भीमाने उच्चारले तेव्हा ते निष्फळ ठरले होते. फसवणूक झाली ती युधिष्ठिराच्या जन्मभराच्या खरेपणामुळे. सत्यवचनी म्हणून कमावलेली पत हेच येथे कपटाचे साधन झाले.

मग तो अस्फुट शब्द कोणासाठी होता? द्रोणाचार्यांसाठी नव्हे, त्यांनी तो ऐकू नये, यावरच सारी योजना अवलंबून होती. तो युधिष्ठिराने स्वतःसाठी उच्चारला, असेच म्हणावे लागते. दुसऱ्याला फसवितानाही आपण खोटे बोललो नाही, असे मनाला सांगता यावे, ही गरज त्या शब्दाने भागविली. खऱ्या विधानांनी दिशाभूल करण्याच्या या प्रकाराचा मानसशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, दिशाभूल करणाऱ्याला आपले कृत्य जितके निर्दोष वाटते तितके ते फसलेल्याला वाटत नाही, असे आढळले. हे अनपेक्षित नाही. बोलणारा आपल्या शब्दांचा हिशेब ठेवतो. ऐकणारा आपल्या मोडलेल्या विश्वासाचा.

यावर कोणी कर्णपर्वातील कौशिकाची कथा पुढे करील. सत्यव्रती कौशिकाने दस्यूंना पळालेल्या लोकांची वाट दाखविली, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. याउलट कांटने 1797 च्या आपल्या निबंधात, दाराशी आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी भूमिका घेतली. हा वाद महत्त्वाचाच आहे. पण तो असत्य वचन केव्हा क्षम्य ठरते, याविषयीचा आहे. युधिष्ठिराचा प्रश्न वेगळा आहे. प्रसंग पाहता कपट अपरिहार्य होते, असे क्षणभर मानले, तरी वाक्य खरे राखल्याने ते कपट कमी होते काय? महाभारताचे उत्तर नकारार्थी आहे. भूमीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकतो. पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याला नरक पाहावा लागतो. आणि तू द्रोणांना व्याजाने फसविलेस म्हणून तुलाही नरक व्याजानेच दाखविला, असे इंद्र त्याला सांगतो. व्याज म्हणजे मिष, बतावणी. मराठीत हाच शब्द कर्जावर चढणाऱ्या रकमेसाठी रूढ झाला, हेही येथे आठवावे.

साहित्यविचाराच्या दृष्टीने हा ‘व्याज’ शब्द विशेष उद्बोधक आहे. अलंकारशास्त्रात व्याजस्तुती आहे, व्याजोक्ती आहे. निंदेच्या मिषाने स्तुती करणारा कवीही वरवर एक बोलतो आणि मनात दुसरे योजतो. तरी त्याला आपण कपटी म्हणत नाही. कारण ते मिष सहृदयाने ओळखावे, हीच त्याची अपेक्षा असते. न ओळखले गेल्यास अलंकारच फसतो. युधिष्ठिराचे मिष मात्र ओळखले गेले असते, तर व्यर्थ ठरले असते. काव्यातील व्याज श्रोत्याच्या बुद्धीवर विसंबते; कपटातील व्याज त्याच्या अज्ञानावर. वाङ्मय खोटे असते, या जुन्या आरोपाला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

उलट, या कसोटीची खरी गरज आहे ती सत्याची ग्वाही देणाऱ्या लेखनाला. आत्मचरित्रातील प्रत्येक तपशील पडताळून पाहता येईल, आणि तरीही निवड, क्रम व मौन यांच्या द्वारा वाचकाची दिशाभूल केलेली असू शकेल. धीट कबुलीदेखील कधी कधी त्याहून मोठी गोष्ट झाकण्यासाठी दिलेली असते. अशा वेळी समीक्षेने तारखा आणि घटना तपासून थांबणे पुरेसे नाही. कोणता शब्द वाचकाला ऐकू यावा म्हणून लिहिला आहे आणि कोणता लेखकाने केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठी पुटपुटला आहे, हेही तिने विचारले पाहिजे. गंभीर कारणासाठी खोटे बोलण्याचा प्रसंग माणसावर येऊ शकतो. मात्र ते खोटे होते, हे स्वतःपाशी मान्य करण्याचे दायित्व त्यामुळे टळत नाही.