एका मण्याचं काम



बालाघाटच्या सत्संगात एक ताई म्हणाल्या, "माळ हातात, मन घरच्या भांडणात. असा जप काय कामाचा?"

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात शास्त्रज्ञ रुबिडियमचे अणू लेसरच्या प्रकाशाने थंड करतात. थंड करणं म्हणजे त्यांची धावाधाव कमी करणं. हा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर पळतो. समोरून आदळलेला प्रकाशाचा एक कण त्याचा वेग जेमतेम ६ मिलिमीटरने घटवतो. असे हजारो कण आदळले की तो मंदावतो. प्रकाश बंद केला की अणू पुन्हा पांगतात.

ताई, आपला एक मणीही एवढंच करतो. एका माळेने राग जाणार नाही, म्हणून आपण नेम सोडायचा नाही. आज घरात भांडण झालं असेल, तर आज माळ चुकवूच नका.