आधी पाऊस, मग नकाशा

मागच्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीने टांझानियाच्या सहलीचा आराखडा माझ्यापुढे ठेवला. सात रात्री, सहा मुक्काम. किलिमांजारोचे विमानतळ, आरुशा, तरांगिरे, मन्यारा सरोवर, न्गोरोंगोरोचे विवर, सेरेंगेटीचा मध्य, आणि शेवटी उत्तर टोकाला मारा नदी. ती नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप मुलांनी टीव्हीवर पाहिले होते, म्हणून त्या ओळीखाली दुहेरी रेघ. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली.

मी सगळे वाचले आणि विचारले, “यात पाऊस कुठे आहे?”

“ताई, पावसाळ्यात कुठे चाललोय आपण? मे महिना आहे.”

या उत्तरात तिची चूक काहीच नव्हती. आपल्याकडे पाऊस म्हणजे जून. मृग निघायच्या आत सहली उरकायच्या आणि मे महिना म्हणजे धुळीचा, आंब्याचा, कोरडा, हे आपल्या हाडीमाशी मुरलेले असते. पण विषुववृत्ताच्या लगेच खालच्या टांझानियात मे हा मोठ्या पावसाचा शेवटचा महिना. पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेकडे जातो आणि परत येतो, म्हणून विषुववृत्ताजवळच्या मुलखावरून तो वर्षातून दोनदा सरकतो. मार्च ते मे मोठा पाऊस, स्वाहिलीत मसिका. नोव्हेंबर-डिसेंबरमधला धाकटा पाऊस म्हणजे वुली. मध्ये दोन कोरडे काळ, त्यातला जून ते ऑक्टोबरचा लांब. हे पंचांग समोर नसेल तर नकाशावरची ठिकाणे नुसती नावे राहतात. सफारीत ‘कुठे’ या प्रश्नाला स्वतःचे असे उत्तर नसते, ते ‘केव्हा’ या प्रश्नातून निघते.

हे नीट समजायचे तर एकदा वाइल्डबीस्टच्या मागे जायला हवे.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचे, 1951 साली घोषित झालेले. त्याच्यात आणि आजूबाजूच्या प्रदेशात सुमारे 13 लाख वाइल्डबीस्ट वर्षभर फिरत असतात. सोबत झेब्रे आणि गॅझेल नावाची लहान हरणे, तीही लाखांनी. या फिरण्याला आपण स्थलांतर म्हणतो आणि त्या शब्दामुळे डोळ्यांपुढे एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालेली वरात येते. प्रत्यक्षात त्याला निघायचे ठिकाणही नाही आणि पोचायचेही नाही. तो एक फेरा आहे, साधारण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारा, आणि तो फिरवतो पाऊस.

इथे एक कोडे आहे. सेरेंगेटीच्या उत्तरेला पाऊस जास्त आणि मारा नदी बारमाही. दक्षिण-पूर्वेची मैदाने न्गोरोंगोरोच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतात. तिथे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशात पडतो जवळपास तेवढा पाऊस. पाणी टिकत नाही, झाड औषधालाही सापडत नाही. मग बारमाही नदी सोडून लाखो जनावरे दरवर्षी या ओसाड मैदानावर का येतात?

उत्तर मातीत आहे. न्गोरोंगोरोच्या ईशान्येला ओल दोइन्यो लेंगाई हा जिवंत ज्वालामुखी आहे. मसाई भाषेत त्या नावाचा अर्थ देवाचा डोंगर. त्याने आणि त्याच्या विझलेल्या भावंडांनी हजारो वर्षे उधळलेली राख पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याने या मैदानांवर आणून टाकली. राखेतली खनिजे पाण्यासोबत झिरपून खाली दगडासारखा कठीण थर बनला. झाडांच्या मुळांना तो भेदता येत नाही, म्हणून मैदान बोडके. पण वरच्या राखेत वाढणारे वीतभरही नसलेले गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेले असते. गाभण मादीला, पान्हवलेल्या मादीला नेमके हेच हवे. उत्तरेचे उंच गवत पोट भरते, दक्षिणेचे बुटके गवत दूध देते.

म्हणून डिसेंबरात धाकटा पाऊस मुरला की कळप दक्षिणेत उतरतात, आणि फेब्रुवारीच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत बहुतेक साऱ्या माद्या एकदम वितात. एवढी पिल्ले एकाच वेळी जमिनीवर आली की तरस, सिंह, चित्ते कितीही खाऊन खातील किती! पिल्लू काही मिनिटांत उभे राहते आणि आईच्या अंगाला लागून पळू लागते. एन्दुतू सरोवराच्या भोवती फेब्रुवारीत हे दिसते. माझ्या मते सबंध फेऱ्यातला हा सर्वांत मोलाचा काळ आहे, नदी ओलांडण्यापेक्षाही. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी नसते म्हणून तो बहुतेकांच्या यादीतच येत नाही. ज्यांच्या घरात शाळेची अडचण उरलेली नाही त्यांनी फेब्रुवारीच धरावा, असे मी कळकळीने सांगेन.

मेच्या सुमारास मैदानातली डबकी आटतात, उरलेले पाणी खारट होते, गवत पिवळे पडते. कळप निघतात, आधी वायव्येला ग्रुमेती नदीकडे, मग उत्तरेला. पुढे झेब्रे असतात, ते उंच गवताचे जाड दांडे खातात. त्यांच्यामागे वाइल्डबीस्ट पाला खातात आणि सर्वांत मागे गॅझेल जमिनीलगतचे कोवळे फुटवे. जुलै ते ऑक्टोबर बरेचसे कळप मारा नदीच्या दोन्ही काठांवर, टांझानियात आणि सीमेपलीकडे केनियाच्या मसाई मारात असतात. नोव्हेंबरात दक्षिणेवर ढग जमले की परतीची वाट.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहिलेल्या माणसाला हे परके वाटू नये. दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून देशावर परतणारे धनगरांचे वाडे याच हिशेबाने चालतात. ओल कुठे, चारा कुठे, चिखलाने मेंढरांचे खूर कुठे कुजतील. धनगराला कोणी विचारले की तुम्ही राहता कुठे, तर तो आधी महिना विचारील.

आता बहिणीचा कागद पुन्हा पाहा. मेच्या मध्यावर मारा नदीकाठी जायचे म्हणजे यजमान अजून बराच मागे असताना त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे. नदी सुंदर आहे, पाणघोडे आणि मगरी आहेत, पण ज्याच्यासाठी दुहेरी रेघ मारली ते तिथे नाही. ते त्याच वेळी मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीत लांबच लांब रांगा धरून चाललेले असते, आणि त्याच सुमारास त्यांचा माजही सुरू होतो. साडेआठ महिन्यांची गर्भावस्था फेब्रुवारीतून मागे मोजा, बरोबर मे-जून येतो. नर जागा धरून हुंकारत असतात, सारे माळरान त्या आवाजाने भरून जाते. हे पाहायला मे हाच महिना हवा. तारीख चुकीची नव्हतीच, तिच्याशी जोडलेले ठिकाण चुकीचे होते.

तरांगिरेचेही तसेच. तिथले हत्ती कोरड्या काळात, जुलै ते ऑक्टोबर, तरांगिरे नदीवर एकवटतात, कारण दूरवर दुसरे पाणी नसते. पाऊस पडला की ठिकठिकाणी पाणी मिळते आणि कळप उद्यानाबाहेरच्या मोकळ्या मुलखात पांगतात. मे महिन्यात तिथे गेल्यास हिरवळ आणि बाओबाबची अवाढव्य झाडे भेटतील, ज्यांना आपण गोरखचिंच म्हणतो, पण हत्तींच्या मोठ्या मेळ्याची आशा धरू नये. ऑक्टोबरात, दिवाळी लवकर असेल तेव्हा, हेच तरांगिरे पहिल्या पसंतीचे ठरते.

न्गोरोंगोरो मात्र या हिशेबातून बऱ्याच अंशी सुटते. कोसळलेल्या ज्वालामुखीचे ते विवर, सुमारे 600 मीटर खोल, तळाचा विस्तार 260 चौरस किलोमीटर. आत झरे आहेत, दलदल आहे, सरोवर आहे, त्यामुळे बहुतेक जनावरे बारमाही तिथेच राहतात. सेरेंगेटीच्या मध्यावरच्या सेरोनेरा भागातले सिंह आणि बिबटेही आपला मुलूख सोडून जात नाहीत. शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या कुटुंबाने आपल्या सहलीचा कणा या दोन ठिकाणांवर उभा करावा आणि बाकीचे पावसावर सोपवावे. विवराचा कडा समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या घरात आहे, पहाटे चांगले कुडकुडायला होते, तेव्हा आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नये.

पाऊस फक्त जनावरांना हलवतो असेही नाही, तो आपल्या गाडीलाही अडवतो. पश्चिम सेरेंगेटीत मोठ्या भागात काळी माती आहे आणि तिथले वाटाडे तिला जे म्हणतात ते ऐकून वऱ्हाडातल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटेल: काळी कापूसमाती. भिजली की तीच चिकट, तीच चाकाला थापणारी. सुक्या दिवसात दोन तासांत होणारे अंतर पावसानंतर चार तास घेते. आरुशाहून सेरोनेरापर्यंतचा प्रवासही कोरड्या दिवसांत सात-आठ तास खातो. नकाशावर वीतभर दिसणाऱ्या अंतरांची बेरीज करून रोज मुक्काम बदलणारा आराखडा काढला, की सहल गाडीच्या खिडकीतच संपते. 2024 मध्ये मेच्या पहिल्याच दिवशी तालेक नदीला आलेल्या पुराने मसाई मारातल्या तंबूंच्या छावण्यांत पाणी शिरले होते. मोठ्या पावसाच्या महिन्यांत नदीला अगदी लागून मुक्काम घेऊ नये, हे त्यातून मी शिकले.

नकाशाची आणखी एक फसगत सांगायला हवी. सेरेंगेटी आणि मसाई मारा एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि वाइल्डबीस्ट सीमा ओलांडतातही. पण पर्यटकाला उद्यानातून थेट पलीकडे जाता येत नाही. त्याला पश्चिमेला सिरारी-इसेबानियाच्या नाक्यावरून किंवा पार नामांगावरून वळसा घालावा लागतो. एका आठवड्यात दोन्ही देश उरकण्याचा मोह टाळलेलाच बरा. विमानप्रवासात केनिया किंवा इथिओपिया येत असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जवळ हवा, आणि ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. देशांतर्गत लहान विमानाने उद्यानात उतरायचे असेल तर सामान 15 किलोच्या आसपास आणि मऊ पिशवीत.

जे जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाऊ शकतात त्यांनाही पाऊस सोडत नाही. मारा नदी कळप एकदाच ओलांडतात असा समज आहे. खरे म्हणजे ते कित्येकदा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करतात. पलीकडच्या काठावर सर पडली आणि हिरवे फुटले की तिकडे, चार दिवसांनी अलीकडे पडली की परत. हजारोंचा जमाव काठाशी येतो, दोन-तीन तास थबकतो, आणि एखाद्या किरकोळ भीतीने मागे फिरतो. एका रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा असे परतणेच येते. म्हणून उत्तरेत कोगातेंदेच्या परिसरात राहायचे तर तीन रात्री राहा, आणि त्यासाठी आधीची दोन ठिकाणे खुशाल गाळा. ठिकाण गाळताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. पण इतक्या खर्चाने, इतक्या वर्षांच्या इच्छेने जाऊन ऐनवेळी काठ सोडावा लागणे त्याहून फार कठीण.

बहिणीशी हे सगळे दोन संध्याकाळी बोलणे झाले. मुलांच्या शाळेमुळे मे बदलणे शक्य नव्हते, म्हणून मेच ठेवला. मारा नदी गेली, तरांगिरे गेले, मन्यारा गेले. न्गोरोंगोरोला दोन रात्री, सेरोनेराला चार, आरुशात एक. सेरोनेराच्या चार दिवसांपुढे तिने कोणत्याही जागेचे नाव लिहिले नाही; दक्षिणेला मोरूच्या ग्रॅनिटच्या टेकड्यांकडे जायचे की पश्चिमेला, हे रोज सकाळी चालकाला विचारून ठरवायचे. धाकट्याला मगरीने पकडलेले वाइल्डबीस्ट पाहायचे होते, तो दोन दिवस रुसला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिचा सेरोनेराहून फोन आला. आवाज तुटत होता. मला वाटले, सिंहांचे सांगेल.

“ताई, काल रात्री दक्षिणेला पाऊस झाला म्हणे. रांगा थांबल्यात, काही तर मागे वळल्यात. चालक म्हणतो, उद्या पश्चिमेला नको, मोरूकडेच जाऊ.”